ग्रंथकाराने दारोदार जावे काय? : टी. नगरमधील लेखक-प्रकाशकांच्या निमित्ताने

चेन्नईतील टी. नगर ही वसाहत रेशमी साड्या आणि सोन्याचे दागिने यांच्या पेठेमुळे सर्वांच्या परिचयाची आहे. १९२०च्या दशकात मांबलम परिसरातील लाँग टँक या विस्तीर्ण तलावाची जमीन भरून ती आखण्यात आली आणि जस्टिस पक्षाचे नेते पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव तिला देण्यात आले. साहित्येतिहासाच्या अभ्यासकाने येथे थबकावे याचे कारण मात्र वेगळे आहे. पानगल पार्कच्या आसपासच्या गल्ल्यांत तमिळ ग्रंथव्यवसायाची कितीतरी घराणी नांदली. दीनदयाळू रस्त्यावरील वानदि पदिप्पगम हे त्यांपैकी एक. कविवर्य कण्णदासन ज्या रस्त्यावर राहत, त्या रस्त्याला आता त्यांचेच नाव आहे आणि त्यांच्या नावाची प्रकाशनसंस्थाही तेथेच आहे. तणिकाचलम रस्ता तर विशेष लक्षणीय म्हटला पाहिजे. आर. के. नारायण यांनी स्वतःच्या पुस्तकांसाठी काढलेल्या 'इंडियन थॉट पब्लिकेशन्स' या संस्थेचा अलीकडच्या दशकांतील पत्ता याच रस्त्यावरचा, आणि तमिळवाणन् या लोकप्रिय लेखकाच्या 'मणिमेकलै प्रसुरम'चा पत्ताही याच रस्त्यावरचा. दोन्ही संस्थांच्या मुळाशी एकेक लेखक आहे, आणि आपल्या पुस्तकाकडे वाचकाला कसे आणावे या प्रश्नाला त्या दोघांनी दिलेली उत्तरे एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

ज्याला प्रकाशक मिळाला नाही तो स्वतः पुस्तक छापतो, अशी एक समजूत आपल्या साहित्यव्यवहारात रूढ आहे. 'स्वतःच छापले आहे' हे वाक्य त्यामुळे पुष्कळदा तुच्छतेने उच्चारले जाते. इतिहास मात्र या समजुतीला पुष्टी देत नाही. भारतीय भाषांतील मुद्रणाच्या पहिल्या शतकात राजाश्रय, मिशन आणि सरकारी खाते वगळले तर ग्रंथकार हाच बहुधा प्रकाशक असे. आजच्या अर्थाचा प्रकाशक हा नंतर आला. तंजावरला सरफोजीराजांनी १८०५ मध्ये मुद्रणालय काढले आणि दुसऱ्याच वर्षी इसापच्या कथांचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी भाषांतर देवनागरी खिळ्यांनी छापून घेतले. तमिळ मुलखातील या मराठी पुस्तकाला गिऱ्हाईक शोधावे लागले नाही, कारण छापण्याचा खर्च राजाचा होता. राजाश्रय ओसरला तेव्हा ग्रंथकारापुढे खरा प्रश्न उभा राहिला : कागदाचे आणि छपाईचे पैसे कोण देणार, आणि छापलेले कोण घेणार?

या प्रश्नाशी झुंजलेल्या माणसांत उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांचे स्थान पहिल्या ओळीतले आहे. १८८० पासून ते कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात तमिळचे अध्यापक होते. 'जीवकचिंतामणी' या जैन महाकाव्याचे संपादन त्यांनी अनेक ताडपत्री पोथ्या ताडून केले. अर्थ लागेना तेव्हा हा शैव परंपरेत वाढलेला पंडित कुंभकोणमच्या जैन गृहस्थांच्या घरी जाऊन बसला. परंतु ग्रंथ सिद्ध होणे आणि तो छापून होणे यांत मोठे अंतर होते. ते अंतर त्यांनी सह्यांनी कापले. पुस्तक निघाल्यावर घेऊ असे वचन देणाऱ्या गृहस्थांच्या सह्या ते मिळवीत. तमिळमध्ये या सहीला 'कैयोप्पम' म्हणतात. सुटी लागली की मद्रासला जावे, मुद्रिते तपासावीत, आणि मधल्या वेळात ओळखीच्या-अनोळखी वकील, मुन्सफ, मठाधिपती आणि प्राध्यापकांना गाठावे, असा त्यांचा क्रम होता. १८८७ मध्ये 'चिंतामणी' बाहेर पडला. पुढे 'सिलप्पदिकारम्' (१८९२) आणि 'मणिमेकलै' (१८९८) याच जिद्दीने आले. तणिकाचलम रस्त्यावरील प्रकाशनसंस्थेच्या नावाशी या शेवटच्या ग्रंथाचे नाव जुळते हा एक सुखद योगायोग.

या सह्यांचा अर्थ केवळ आर्थिक नव्हता. सही करणारा माणूस पुस्तकाची वाट पाहू लागतो. तो त्याविषयी चार ठिकाणी बोलतो, विलंब झाला तर विचारतो. म्हणजे ग्रंथ जन्मण्यापूर्वीच त्याच्याभोवती एक लहानसा वाचकसमाज उभा राहतो. जाहिरात हा शब्द अय्यरांच्या पंडिती जगात शोभला नसता; पण जाहिरातीने जे साधायचे असते ते त्यांनी साधले होते, आणि तेही ग्रंथाच्या गांभीर्याला ओरखडा न उमटू देता.

सुब्रह्मण्य भारतींची कथा याच्या उलट टोकाची आहे. १९०७ मध्ये व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांनी त्यांच्या काही गीतांच्या पंधरा हजार प्रती छापून फुकट वाटल्या होत्या. आपल्या शब्दांना हजारो वाचक आहेत याचा प्रत्यय या कवीला असा तरुणपणीच आला. १९२० मध्ये, विपन्नावस्थेत कडैयम येथे असताना, त्यांनी आपल्या सर्व लेखनाच्या प्रकाशनाची एक योजना छापील पत्रकाद्वारे मित्रांकडे धाडली. चाळीस पुस्तके, प्रत्येकाच्या दहा हजार प्रती, एकूण चार लाख. त्यासाठी व्याजाने कर्ज हवे. आणि ही पुस्तके घासलेट व काड्यापेट्यांप्रमाणे घरोघर खपतील असा विश्वास. कर्ज मिळाले नाही. १९२१ च्या सप्टेंबरात भारती गेले. मागाहून त्यांच्या पत्नीने काही पुस्तके काढली, पुढे हक्क आप्तांकडे गेले आणि १९४९ मध्ये मद्रास सरकारने ते विकत घेऊन नंतर सर्वांना खुले केले. भारतींच्या गीतांचा तमिळ घराघरांतला संचार पाहिला तर त्यांचा अंदाज चुकला होता असे म्हणवत नाही. तरीही त्या पत्रकात एक उणीव होतीच. चार लाख प्रतींचा हिशेब त्यात होता, पण त्या घेणारी चारशे नावे नव्हती. अय्यरांकडे नावे होती आणि आकांक्षा बेताची होती. लेखक-प्रकाशकाला सल्ला द्यायचाच झाला तर या दोन उदाहरणांच्या पलीकडे फारसे सांगण्यासारखे नाही.

या पार्श्वभूमीवर आर. के. नारायण यांच्याकडे पाहिले पाहिजे. १९०६ मध्ये मद्रासला जन्मलेल्या आणि म्हैसूरला स्थायिक झालेल्या या लेखकाला प्रकाशक मिळत नव्हता असे नाही. ग्रॅहम ग्रीनच्या मध्यस्थीने 'स्वामी अँड फ्रेंड्स' १९३५ मध्ये लंडनला निघाले होते. त्यानंतरच्या दोन कादंबऱ्याही तेथेच निघाल्या, दरवेळी निराळ्या प्रकाशकाकडे. समीक्षकांची पसंती आणि खपाची निराशा हे दोन्ही त्यांच्या वाट्याला आले. दुसऱ्या महायुद्धाने लंडनशी असलेला संबंध जवळजवळ तोडला तेव्हा त्यांनी प्रथम 'इंडियन थॉट' हे त्रैमासिक काढून पाहिले. ते थोडक्यात आटोपले. मग त्याच नावाने प्रकाशनसंस्था सुरू केली आणि १९४३ मध्ये 'मालगुडी डेज' तेथून प्रसिद्ध झाले. या धडपडीचा साहित्यिक लाभ 'मिस्टर संपत' (१९४९) या कादंबरीत दिसतो. साप्ताहिक चालवू पाहणारा ध्येयवादी संपादक आणि त्याला आपल्या गोड बोलण्यात गुंडाळणारा मुद्रक यांची जोडी छापखान्याच्या उंबऱ्यावर ताटकळलेल्या माणसालाच सुचावी अशी आहे.

नारायण यांचा प्रसिद्धिविचार, त्याला विचार म्हणायचे तर, आपल्या नावाऐवजी एका गावाला पुढे करण्याचा होता. वाचक 'मालगुडी'चा शोध घेत येतो. एका पुस्तकात भेटलेला रस्ता, नदी, स्टेशन पुढच्या पुस्तकात पुन्हा दिसतात, आणि म्हणून एक पुस्तक दुसऱ्याची शिफारस करते. भारतीय आवृत्त्यांवरील धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची चित्रे हीदेखील त्या गावाचीच ओळख. मराठी वाचकाला लक्ष्मण मुंबईचे म्हणून ठाऊक. पण 'कॉमन मॅन' काढणाऱ्या हाताने मालगुडीची पायवाटही काढली होती. १९६० च्या साहित्य अकादेमी पुरस्काराने, १९६५ च्या 'गाइड' चित्रपटाने आणि १९८६ च्या दूरदर्शन मालिकेने मोठा वाचकवर्ग आणला. पण चित्रपटाने आपल्या गावाला आपल्यापासून हिरावून नेले अशी नारायण यांची तक्रार होती आणि ती त्यांनी लिहूनही ठेवली. ज्या प्रसिद्धीसाठी दुसरा लेखक आनंदाने टाळ्या पिटील, तिच्यात त्यांना नुकसान दिसले. परदेशी प्रकाशकांनी पायघड्या घातल्यावरही भारतातील आवृत्त्यांसाठी त्यांनी स्वतःची संस्था मोडली नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

तमिळवाणन् (१९२६–१९७७) यांनी उलटा मार्ग धरला. 'कल्कण्डु' या साप्ताहिकाचे ते संपादक. 'शंकरलाल' हा गुप्तहेर त्यांचा मानसपुत्र. आरोग्य, स्मरणशक्ती, व्यवहारचातुर्य यांवर त्यांनी विपुल लिहिले. डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर काळा चष्मा हा वेष त्यांनी इतका नित्य ठेवला की त्या दोन वस्तू हीच त्यांची मुद्रा ठरली. निरक्षर माणसालाही दुकानातल्या रांगेतून त्यांचे पुस्तक ओळखता यावे! उच्चभ्रू समीक्षेने त्यांची फारशी दखल घेतली नाही, आणि त्यांच्या लेखनातील बराच भाग तात्कालिक होता हेही मान्य करावे लागेल. पण चेहऱ्याचे व्यापारचिन्ह करणे हा निव्वळ उथळपणा मानला तर एक गोष्ट निसटते. सहीसाठी ज्यांच्या दाराशी जाता येते तो वर्ग शिक्षित आणि प्रतिष्ठित असतो; ज्या वाचकाचे दार ठाऊकच नाही, जो आठवड्याचे मासिक बसस्थानकावर विकत घेतो, त्याच्यापर्यंत पोहोचायला खूण लागते. ती खूण तमिळवाणन् यांनी अंगावर वागवली. त्यांच्या मागे त्यांच्या मुलांनी संस्था चालवली.

या दोन मार्गांचा पडताळा मराठीत घेतला तर पहिली आठवण होते ती विष्णुशास्त्री चिपळूणकरांची. 'निबंधमाला' (१८७४–१८८१) हे एकहाती नियतकालिक; छापखाना, चित्रशाळा आणि 'किताबखाना' हे पुस्तकांचे दुकान, असा सगळा संसार त्यांनी अल्प आयुष्यात मांडला. त्यांच्या शैलीची चर्चा पुष्कळ झाली, त्यांच्या दुकानाची कमी. परंतु खरा मुकाबला आहे तो डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्याशी. कॉर्नेलची डॉक्टरेट घेऊन परतलेल्या या समाजशास्त्रज्ञाने मराठीत ज्ञानकोश करावयाचे ठरवले आणि त्यासाठी दानशूर संस्थानिकाच्या दाराशी हात पसरण्याऐवजी नागपुरास मर्यादित कंपनी उभारली. भाग विकले, आगाऊ वर्गणीदार नोंदवले, पुढे बिऱ्हाड पुण्याला हलवले. १९२० च्या दशकात तेवीस खंड क्रमाने हाती आले. विद्वानाने व्यापाऱ्याची भाषा बोलावी हे त्या काळच्या अनेकांना रुचले नाही. केतकरांना त्याची खंत दिसत नाही. त्यांनी या उद्योगाचा जो वृत्तांत लिहिला त्याचे नाव 'माझे बारा वर्षांचे काम' असे ठेवले. साधना, तपश्चर्या, सेवा हे सहज सुचणारे शब्द टाळून 'काम' म्हटले. वर्गणीदार मिळवणे हा ज्ञानव्यवहाराचाच भाग आहे, त्यातून लेखकाला आपल्या समाजाची जिज्ञासा आणि तिची मर्यादा कळते, हा त्यांचा भाव त्या एका शब्दात आहे.

किंमतही मोठी होती. बारा वर्षे हिशेब, कर्मचारी आणि भागधारक यांत गेली नसती तर समाजशास्त्रज्ञ केतकरांकडून आणखी काय मिळाले असते, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांना छळतो. स्वामिनाथ अय्यरांबद्दलही तो विचारता येईल. पण दोघांनी ही पायपीट केली नसती तर मूळ ग्रंथच नसते, हे विसरून तो विचारणे न्यायाचे नाही.

१९७६ मध्ये मुंबईत अदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गिव्ह पटेल आणि अरुण कोलटकर या चौघा कवींनी 'क्लिअरिंग हाउस' काढून आपली पुस्तके आपणच प्रसिद्ध केली, 'जेजुरी' त्यांतलेच. कोलटकर पोटासाठी जाहिरातीचे काम करीत, तरी स्वतःच्या प्रसिद्धीबाबत त्यांच्याइतका निःस्पृह कवी विरळा. त्याच सुमारास 'ग्रंथाली'ने सभासद-वाचकांच्या बळावर 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) यांसारखी पुस्तके प्रस्थापित दुकानांबाहेर नेली. हे स्वयंप्रकाशन नव्हे. तथापि सहीचा जुना संकेत तेथे चळवळीच्या रूपात परतला होता.

ग्रंथालयांचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास अपुरा राहील. १९४८ च्या मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने, ज्यामागे एस. आर. रंगनाथन यांची प्रेरणा होती, मालमत्ताकराबरोबर ग्रंथालय-उपकर बसवला. त्यातून होणाऱ्या खरेदीवर तमिळ प्रकाशनाचा मोठा भाग तगला. महाराष्ट्रातील १९६७ च्या कायद्यात असा उपकर नाही. येथे अनुदान आणि शासनमान्य यादी यांचा आधार. दोन्हीकडे परिणाम मात्र सारखाच झाला. लेखक-प्रकाशकाला हजार दारांऐवजी एक दार दिसू लागले. गिऱ्हाईक जेव्हा कार्यालय असते तेव्हा प्रसिद्धीची जागा अर्ज घेतो, आणि अर्जाला आनंद होत नाही, राग येत नाही, तो पुस्तकाविषयी शेजाऱ्याशी बोलत नाही. यादीत गेलेले आणि कपाटात न उघडता राहिलेले पुस्तक कोणत्याही ग्रंथपालाच्या ओळखीचे आहे.

मद्रासचा पुस्तकमेळा १९७७ मध्ये सुरू झाला आणि पोंगलच्या सुमारास भरण्याची त्याची प्रथा पडली. तेव्हापासून लेखक आणि वाचक वर्षातून एकदा समोरासमोर येऊ लागले. वाचक पुस्तक घेतो आणि लेखकापुढे धरतो. सही आता लेखकाने करावयाची असते. 'चिंतामणी'च्या वेळी ती वाचकाने केली होती.