ओळ सापडत नाही : एका लक्षणाचा इतिहास शोधताना

मागच्या लेखानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता : "कागदपत्रंच नसतील, तर इतिहास लिहायचा कसा?" आज त्याचं उत्तर एका उदाहरणातून देतो. उदाहरण घरचं आहे, पण घरापुरतं राहणारं नाही.

माझ्या मामांची बायपास झाली. गाव घोडेगावच्या पलीकडे, ऑपरेशन पुण्यात. छाती उघडून केलेलं मोठं ऑपरेशन, पण सगळं व्यवस्थित पार पडलं. टाके भरले, मामा चालायला लागले, चुलीपाशी बसून चहा घ्यायला लागले. एकच गोष्ट बदलली होती. दरवर्षी सप्ताहात पारायणाला बसणारे मामा पोथी उघडायचे, दोन-चार ओव्या म्हणायचे आणि मिटून ठेवायचे. विचारलं की म्हणायचे, "ओळ सापडत नाही."

घरातल्यांनी अर्थ लावला, की अशक्तपणा आहे. तालुक्याच्या गावी दाखवलं, तर सांगितलं, मोतीबिंदूची सुरुवात आहे. चष्मा बदलला. काही फरक पडेना, म्हणून तो पुन्हा बदलला. हृदयाच्या डॉक्टरांकडे तपासणीला गेल्यावर तिथे बीपी, इसीजी आणि टाके पाहिले गेले. सगळं उत्तम होतं. पोथीबद्दल तिथे कुणी विचारलं नाही आणि मामांनीही सांगितलं नाही, कारण पोथीचा आणि छातीचा काय संबंध?

आता संशोधक म्हणून पहा. एका माणसाला ऑपरेशननंतर दिसण्यात बदल जाणवला. तो त्याने स्वतःच्या शब्दांत चार लोकांना सांगितला. तरी त्याच्या फायलीत त्याची एकही नोंद नाही. पन्नास वर्षांनी कुणी ती फाईल उघडली, तर तो लिहील, "रुग्णाला दृष्टीची तक्रार नव्हती." या वाक्याला कागदाचा पुरावा असेल आणि तरीही ते खोटं असेल. अशा जागी काय करायचं?

माझं म्हणणं सरळ आहे. लक्षण शरीरात आधी येतं, इतिहासात नंतर. ते इतिहासात यायला तीन गोष्टी लागतात : विचारणारा माणूस, पाहण्याचं साधन आणि लिहायला कागदावर जागा. यातलं एक जरी नसलं, तरी नोंद राहत नाही. म्हणून कागद गप्प असेल तेव्हा "असं घडलं नाही" असं लिहू नका. आधी विचारा, "इथे हे कोण विचारणार होतं?"

ओपन हार्ट सर्जरीच्या इतिहासात हे अगदी स्पष्ट दिसतं.

6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. हृदय थांबवायचं, शरीरातलं रक्त नळीने यंत्रात घ्यायचं, त्यात ऑक्सिजन मिसळायचा आणि पंपाने ते परत शरीरात पाठवायचं. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1961 च्या सुमारास अशी शस्त्रक्रिया सुरू झाली. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयशस्त्रक्रियेची परंपरा उभी केली. फेब्रुवारी 1968 मध्ये त्यांनी तिथेच भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला, पण ते धाडस इतिहासात नोंदलं गेलं.

त्या काळात प्रश्न एकच होता : माणूस टेबलावरून जिवंत उठतो की नाही? जिथे जगण्या-मरण्याचा हिशेब चालू असतो, तिथे "वाचताना कसं दिसतं?" हे विचारायला कुणाला सवड नसते. यात कुणाचा दोष नाही. प्रत्येक काळाची प्रश्नांची एक उतरंड असते. आपल्याला हवा असलेला प्रश्न त्या उतरंडीत कुठे होता, हे संशोधकाला ओळखता आलं पाहिजे.

हा प्रश्न पहिल्यांदा नेटाने विचारला तो मनोविकारतज्ज्ञांनी. 1964 मध्ये अमेरिकेत पॉल ब्लॅकली आणि अल्बर्ट स्टार यांनी हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या भ्रमावस्थेवर लेख लिहिला. हे स्टार म्हणजे हृदयाच्या कृत्रिम झडपेमुळे प्रसिद्ध झालेले शल्यविशारद. 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या डोनाल्ड कॉर्नफेल्ड आणि सहकाऱ्यांनी मोठ्या वयाच्या रुग्णांची पाहणी केली. त्यांच्यापैकी सुमारे 38 टक्के जणांना ऑपरेशननंतर भ्रम झाल्याचं त्यांना आढळलं. भिंती हलतात, नसलेल्या गोष्टी दिसतात, अशा तक्रारी या वेळी कागदावर आल्या. पण त्या 'मनाचा खेळ' या रकान्यात आल्या. उपायही त्याच दिशेने सुचवले गेले : रुग्णाला सलग झोप मिळू द्या, अतिदक्षता विभागातला आवाज कमी करा. उपाय योग्यच होते. पण लक्षात घ्या, विचारणारा मनोविकारतज्ज्ञ असला की दृष्टीची तक्रार मनाच्या खात्यात जमा होते.

डोळ्याच्या आत पाहण्याची वाट दुसरीकडून आली. 1961 मध्ये मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट हॉलेनहॉर्स्ट यांनी डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकलेले चकाकणारे कण दाखवून दिले. ते कण कोलेस्टेरॉलचे होते आणि मानेच्या किंवा छातीच्या मोठ्या रक्तवाहिनीतून सुटून आलेले होते. म्हणजे डोळ्यात पाहिलं, तर वरच्या नळीत काय चाललंय ते कळू शकतं.

हा धागा पुढे 1980 च्या दशकात लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात पकडला गेला. तिथल्या गटाने ऑपरेशन चालू असतानाच रुग्णाच्या शिरेत फ्लुरोसीन नावाचा पिवळा रंग सोडला आणि डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले. ज्या बारीक वाहिन्यांत रक्त पोचत नव्हतं, त्या फोटोत काळ्या दिसल्या. यंत्रातून निघालेले हवेचे बुडबुडे आणि रक्तातल्या बारीक गुठळ्या तिथे जाऊन बसत होत्या. 1990 च्या त्यांच्या लेखात दोन प्रकारच्या यंत्रांची तुलना आहे. रक्तात थेट ऑक्सिजनचे बुडबुडे सोडणारं यंत्र वापरलेल्या सगळ्या रुग्णांत असे अडथळे दिसले. पातळ पडद्याआडून ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रात ते निम्म्याहून कमी जणांत दिसले. पुढे बुडबुड्यांचं यंत्र मागे पडलं, त्यामागे असे पुरावेही होते.

याच सुमारास, 1987 मध्ये, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या गटाने बायपास झालेल्या 312 रुग्णांचे डोळे आणि दृष्टिक्षेत्र ऑपरेशनच्या आधी व नंतर तपासून पाहिलं. जवळपास चौथ्या हिश्श्यातल्या रुग्णांत काही ना काही बदल सापडला. बहुतेक बदल सौम्य होते, पण ते होते. ऑपरेशन तेच, रुग्णही तसेच. बदल सापडला, कारण आधी आणि नंतर दोन्ही वेळा कुणीतरी पाहिलं.

इथे थोडं थांबा. हॅमरस्मिथच्या लोकांना मुळात डोळ्यात रस नव्हता, त्यांना मेंदूची काळजी होती. मेंदूच्या रक्तवाहिन्या जिवंत माणसात थेट पाहता येत नाहीत, डोळ्यातल्या पाहता येतात, म्हणून त्यांनी डोळ्याची खिडकी वापरली. आपल्या विषयाचा पुरावा दुसऱ्याच विषयाच्या कागदात सापडतो तो असा. ग्रंथालयात 'नेत्रविज्ञान' या कपाटापाशीच उभे राहिलात, तर हा लेख तुमच्या हाती लागणार नाही.

आता शब्दांकडे येऊ. मुलाखती घेणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत शब्दांतच होते.

ऑपरेशननंतर काही जणांना डोळ्यापुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात, तशा अर्धशिशीच्या आधीही दिसतात. 1870 मध्ये ह्युबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरने स्वतःला दिसणाऱ्या अशा रेषांची चित्रं काढून छापली. त्या आकृतीला त्याने 'तटबंदीचं दिसणं' अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं, कारण युरोपातल्या किल्ल्यांचे तट कोन काढत, ताऱ्यासारखे बाहेर येत-आत जात बांधलेले असतात. आपल्या जुन्नरच्या माणसाला मात्र 'किल्ला' म्हटल्यावर शिवनेरी दिसतो. तिथला तट कड्याच्या अंगाने वळत जातो, त्यात करवतीचे दात नाहीत. तुम्ही प्रश्नावलीत "किल्ल्यासारखं दिसतं का?" असं भाषांतर करून टाकलं, तर उत्तर 'नाही' येईल, आणि त्या 'नाही'ला काही अर्थ नसेल. "करवतीसारखं, विजेसारखं काही चमकतं का?" असं विचारलं, तर कदाचित 'हो' येईल.

उलट बाजूही पहा. आपल्याकडे "डोळ्यापुढं काजवे चमकले" हा वाक्प्रचार आहे. पण भीमाशंकरच्या अंगाला पावसाळ्याच्या तोंडावर खरोखरच झाडंच्या झाडं काजव्यांनी भरतात. तिकडची म्हातारी "काजवे दिसत्यात" म्हणाली, तर ती वाक्प्रचार वापरतेय, लक्षण सांगतेय की रानातलं सांगतेय, हे तुम्ही विचारल्याशिवाय कळणार नाही. अंधारी येणं, झापड येणं, पडदा आल्यासारखं वाटणं, दोन-दोन दिसणं हे चार वेगळे अनुभव आहेत. ते सगळे "अंधुक दिसतं" या एका रकान्यात कोंबू नका.

आता जुन्नर-आंबेगावात या लक्षणाची नोंद कुठे झाली असती ते पाहू. या भागातला डोळ्याचा इतिहास मुख्यतः मोतीबिंदूचा इतिहास आहे. 1976 मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याचा भर मोतीबिंदूवर होता आणि तो रास्त होता. नारायणगावात डॉ. मनोहर डोळे यांनी मोहन ठुसे नेत्र रुग्णालय उभं केलं. खेड्यापाड्यांतल्या नेत्रसेवेसाठी त्यांना 2013 मध्ये पद्मश्री मिळाली. अशा कामामुळे हजारो माणसांना पुन्हा दिसू लागलं. पण त्याचा एक नकळत परिणाम म्हणजे "दिसत नाही" या तक्रारीचं तयार उत्तर गावागावांत 'मोतीबिंदू' हेच होऊन बसलं.

हृदयाचा इतिहास मात्र तालुक्याबाहेर, पुण्या-मुंबईत घडला. राज्याची जीवनदायी योजना 1997 मध्ये आली. पुढे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर 2013 मध्ये पुणे जिल्ह्यापर्यंत पोचली आणि 2017 पासून तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे. त्यामुळे मोठं ऑपरेशन गरिबाच्या आवाक्यात आलं. या योजनांच्या कागदांत ऑपरेशनचं नाव, रक्कम, तारीख सापडेल. दोन महिन्यांनी ओळ सापडेनाशी झाली, हे लिहायला त्यात जागा असण्याचं कारण नाही. डोळा नारायणगावात, हृदय पुण्यात आणि पोथी घरात अशी ही वाटणी झाली. लक्षण या तिन्हींच्या मधल्या रस्त्यावर सांडलं.

मग तुम्ही काय करायचं? तीन गोष्टी सुचवतो.

एक, फाईल वाचताना जे लिहिलंय त्याच्या शेजारी 'काय विचारलं गेलं' याची वेगळी यादी करा. छापील रकाने हासुद्धा पुरावाच आहे.

दोन, मुलाखतीत अवयवाबद्दल विचारू नका, कामाबद्दल विचारा. "नजर कशी आहे?" याला उत्तर "बरी आहे" असंच येतं. "पेपर वाचता का? सुई ओवता का? गाडी चालवता का? भाजी निवडता का?" असं विचारलं की माणूस बोलायला लागतो.

तीन, बोलणारा माणूस आधी माणूस आहे, तुमचा पुरावा नंतर. मुलाखतीत कुणी म्हणालं, की एका डोळ्याचं अचानक दिसेनासं झालंय, एका बाजूचं दिसत नाही, बोलताना जीभ अडखळतेय, तर रेकॉर्डर बंद करा आणि त्याच दिवशी, त्याच घटकेला त्यांना रुग्णालयात पोचवा. प्रबंध थांबू शकतो.

मामांचं पुढे काय झालं? एका डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि दोन्ही बाजूंनी बोटं हलवून "किती?" असं विचारलं. एक मिनिटाचं काम. डावीकडची बोटं मामांना दिसतच नव्हती, ना या डोळ्याने, ना त्या. पुढे स्कॅनमध्ये कळलं, की ऑपरेशनच्या सुमारास मेंदूच्या मागच्या उजव्या भागात छोटा स्ट्रोक येऊन गेला होता. दोन्ही डोळे धड होते, पण दोन्हींचं डावं अर्ध जग गेलं होतं.

आणि आता ते वाक्य पुन्हा ऐका. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. ओळ संपली की नजर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, म्हणजे डावीकडे परत जाते. मामांची डावी बाजूच नव्हती, त्यामुळे पुढच्या ओळीचं तोंड त्यांना दिसायचं नाही. "ओळ सापडत नाही" हे अशक्तपणाचं गाऱ्हाणं नव्हतं. ते अगदी नेमकं निदान होतं, आणि ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात केलं होतं. बऱ्याच ओव्या पाठ असल्यामुळे आमच्या ते लक्षात आलं नाही, इतकंच. मधल्या पाच महिन्यांत ते मंचरच्या बाजारापर्यंत मोटरसायकल चालवत होते, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

आता मामा पोथीच्या डाव्या कडेला लाल दोरा ठेवतात. तो दिसेपर्यंत मान वळवायची, मग वाचायला सुरुवात करायची. हळू होतं, पण पारायण होतं.

तुमच्या विषयातही असं एखादं वाक्य असेल, जे कुणीतरी नेमकं सांगितलं आणि ऐकणाऱ्याने भलत्याच रकान्यात टाकलं. आराखडा लिहायच्या आधी ते शोधा. पुढच्या लेखात मुलाखतीचं संमतीपत्र साध्या मराठीत कसं लिहायचं ते पाहू.