निवटी (मासा)

निवटी किंवा निवटा (शास्त्रीय नाव: बोलिओफ्थॅल्मस ड्युस्युमिएरी) हा खाडीच्या चिखलात बिळे करून राहणारा, गोबी गटातील लहान मासा आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आशिल व्हालांसिएन यांनी १८३७ साली मुंबईच्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. ज्याँ-जाक ड्युस्युमिए या फ्रेंच प्रवासी व्यापाऱ्यावरून जातीला नाव मिळाले. पर्शियन आखातापासून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत ही जात आढळते.

निवटी फार तर वीतभर वाढते. डोळे डोक्याच्या माथ्यावर, बेडकासारखे वर आलेले असतात. ते कोरडे पडू लागले की ती खोबणीत ओढून ओले करून घेते. ओहोटीत पाणी मागे सरले, की इतर मासे पाण्याबरोबर जातात, निवटी मात्र बिळाबाहेर येऊन छातीच्या परांवर रेटा देत चिखलावर सरपटते. कल्ल्यांच्या पोकळीत धरून ठेवलेले पाणी आणि ओली त्वचा यांच्या आधारे ती हवेतही श्वसन करते. म्हणूनच ती अधूनमधून डबक्यात अंग भिजवताना दिसते. डोके डावी-उजवीकडे हलवत चिखलाच्या पृष्ठावरचे डायाटम हे सूक्ष्म शैवाल खरवडणे, हा तिचा आहारक्रम. विणीच्या काळात नर पाठीचे पर उभारून उड्या मारतो. अंडी बिळात घातली जातात.

जळगाव व धुळे जिल्ह्यांतून वाहणारी तापी सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते; तेथे हाच मासा 'लेवटा' म्हणून विकला जातो. खानदेशापर्यंत मात्र तो चढून येत नाही, कारण भरतीचे पाणी जिथवर पोहोचते तिथवरच त्याचा वावर. याच गटातील ग्लॉसोगोबियस ज्युरिस हा मासा मात्र खाडीप्रमाणे नदीच्या गोड्या पाण्यातही राहतो.

ठाणे, रायगड व मुंबई परिसरातील आगरी-कोळी समाजात निवट्यांचे कालवण आवडीने खाल्ले जाते. ओहोटीच्या वेळी बिळात कोपरापर्यंत हात घालून निवट्या पकडतात. या कामाला होडी वा मोठे जाळे लागत नाही, चिखलाची ओळख लागते. अंगाला बुळबुळीत थर असल्याने त्या राखेने किंवा पिठाने चोळून साफ करतात. बाजारात त्या बहुधा जिवंतच येतात.

निवटीचे भवितव्य चिखलाच्या मैदानांशी बांधलेले आहे. तिवरांच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर बंदी घातली, आणि जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलमैदाने सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत अतिसंवेदनशील वर्गात धरली गेली. तरी झाड तोडलेले नजरेस पडते, उघड्या चिखलावर पडलेला भराव तसा पडत नाही. अशी जमीन पडीक समजण्याची सवय जुनी आहे. भरतीचे येणेजाणे बंद झाले की चिखल सुकून तडकतो, शैवाल संपते आणि बिळे ओस पडतात. ठाणे खाडीत २०१५ साली रोहित अभयारण्य घोषित झाले व २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. रोहित पक्षीही याच चिखलावर पोसतात, त्यामुळे पक्ष्यांसाठी राखलेल्या या पट्ट्यात निवटीलाही आसरा मिळाला आहे.