चूक कुणाची? मोटार, सायकल आणि पेठेतला निकाल

शिवाजी पेठेत एखाद्या चौकात मोटार आणि सायकल यांची टक्कर झाली, तर निकाल लागायला पाच मिनिटेही पुरतात. माणसे जमतात, सायकलस्वाराला उठवतात आणि मोटारवाल्याकडे वळून विचारतात, ‘मोठी गाडी कुणाची हाय?’ निकाल त्या प्रश्नातच असतो.

मोठ्या वाहनाचीच चूक, हा देशाचा कायदा आहे असे अनेकांना मनापासून वाटते. तसा कायदा आपल्याकडे कधीच नव्हता. मात्र या समजुतीत जो न्याय दडलेला आहे, त्याच्या जवळ पोहोचायला कायद्याला शंभराहून अधिक वर्षे लागली. हा धागा त्या प्रवासाचा.

या प्रकारच्या टकरीची अमेरिकेतील पहिली नोंद ३० मे १८९६ची, न्यूयॉर्कची. ड्युरिया कंपनीची मोटार सायकलवरून जाणाऱ्या एका स्त्रीवर आदळली. तिचा पाय मोडला, चालकाला अटक झाली. मोटार नवी होती, पण न्यायाधीशांच्या हाती असलेली तत्त्वे घोडागाडीच्या काळातली होती.

त्यातले पहिले तत्त्व निर्दय होते. १८०९च्या एका इंग्रजी खटल्यापासून असे मानले जाई की जखमी माणसाची स्वतःची थोडीही चूक असेल, तर त्याला छदामही मिळणार नाही. पुढे १८४२ मध्ये एक गाढव न्यायालयात पोहोचले. मालकाने त्याचे पुढचे पाय बांधून त्याला रस्त्यावर सोडले होते आणि भरधाव आलेल्या गाडीखाली ते मेले. मालकाची चूक उघड होती. तरी अपघात टाळणे गाडीवानाच्या हाती होते, म्हणून भरपाई त्यानेच द्यावी, असे ठरले. आजच्या सायकलस्वाराचा कायदेशीर पूर्वज शोधायचा तर तो हा गाढवच! इंग्लंडमध्ये चुकीची टक्केवारी ठरवून भरपाई कमी करण्याचा सरळ कायदा मात्र १९४५ मध्ये आला.

आपल्याकडे अपघातात मेलेल्याच्या वारसांना दावा करण्याचा हक्क १८५५च्या कायद्याने मिळाला. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानात. कोल्हापूर हे संस्थान होते. तिथे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू होत नसत. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले. तोवर १९३९चा मोटार वाहन कायदा आला होता आणि १९४६पासून त्यातली विम्याची सक्तीही सुरू झाली होती. माझ्या मते या इतिहासातला खरा कलाटणीबिंदू हा विमाच. चूक चालकाची असली, तरी पैसे विमा कंपनीच्या तिजोरीतून येणार होते. ‘चूक कुणाची’ आणि ‘भरायचे कुणी’ हे दोन प्रश्न इथे पहिल्यांदा वेगळे झाले. १९५६च्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली.

मग चूक सिद्ध करण्याची गरजच काय, असा प्रश्न साहजिक होता. मुंबई उच्च न्यायालयाने एका खटल्यात तशी गरज नाही, असे म्हटलेही. १९७७ मध्ये मिनू मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मत फिरवले: हयगय सिद्ध झाल्याशिवाय मालकही जबाबदार नाही आणि विमा कंपनीही नाही. एखादा सायकलस्वार जागीच गेला असेल आणि साक्षीदार पांगले असतील, तर त्याच्या विधवेने हयगय सिद्ध करायची कशी? या प्रश्नाला संसदेने १९८२ मध्ये उत्तर दिले. चूक कुणाचीही असो, मृत्यू झाल्यास १५,००० आणि कायमचे अपंगत्व आल्यास ७,५०० रुपये. रक्कम तुटपुंजी होती, तत्त्व मोठे होते. २०१९च्या दुरुस्तीनंतर चूक सिद्ध न करता मिळणारी ही रक्कम मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख झाली आहे.

त्याहून अधिक हवे असेल, तर चूक दाखवावीच लागते, आणि तिथे सायकलस्वारही तपासला जातो. मुंबईत बेस्टची बस आणि सायकल यांच्या टकरीत एका तरुणाचा मृत्यू झाला होता. त्या खटल्यात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बसचालकाबरोबर सायकलस्वाराच्याही हयगयीचा वाटा धरला आणि त्या प्रमाणात भरपाई कमी केली. नेदरलँड्समध्ये असे सहसा होत नाही. तिथे सायकलस्वार १४ वर्षांखालील असेल, तर मोटारवाल्याला जवळजवळ नेहमीच पूर्ण भरपाई द्यावी लागते. मोठा असेल, तरी निम्मी बहुधा सुटत नाही. ‘मोठी गाडी कुणाची’ हा पेठेतला प्रश्न तिथल्या कायद्यातच विचारलेला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

फौजदारी बाजू निराळी. हयगयीने मृत्यू घडवल्याचे कलम १८७०चे. १ जुलै २०२४पासून ते भारतीय न्याय संहितेत १०६ क्रमांकाने आहे. तिथे गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, तर न्यायाधिकरणात अधिक शक्यता कोणती एवढेच पाहतात. त्यामुळे एकाच टकरीत चालक निर्दोष सुटतो आणि भरपाईचा हुकूमही होतो. ‘कोर्टात सेटिंग झाले’ ही कुजबुज बऱ्याचदा हा फरक माहीत नसल्याने उठते.

दोन्हीकडे आधार एकच: घटनास्थळाचा पंचनामा. चाकांच्या खुणा कुठे, सायकल कोणत्या बाजूला पडली, दिवा होता का. भांडण मिटवण्याच्या घाईत चौकातली माणसे सायकल उचलून भिंतीला लावतात, तेव्हा या खुणा जातात. आणि बहुतेकदा त्या सायकलस्वाराच्याच बाजूच्या असतात.

न्यायाधिकरणाच्या निकालावरचे अपील उच्च न्यायालयात जाते. पेठेतल्या कुटुंबाला त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच बसू लागले आहे.