बापाकडून पोराकडे : वऱ्हाडातल्या फासेपारध्यांची शिकार आणि तिची साधनं

पीएच.डी.च्या मुलाखतीला गेलात की एक प्रश्न हमखास येतो. "विषय चांगला आहे हो, पण साधनं कुठं आहेत?" या प्रश्नाला बरेच जण घाबरतात आणि ज्याचे कागद भरपूर आहेत असा सोपा विषय घेऊन मोकळे होतात. म्हणून आज मुद्दाम असा प्रश्न घेऊ, ज्याचे कागद वरवर बघता दिसतच नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चांदूर रेल्वेच्या आसपासच्या रानात फासेपारधी बाप आपल्या पोराला शिकार कशी शिकवत होता, आणि ते शिकवणं कशानं तुटत गेलं?

आधी कामाची ओळख करून घेऊ. पारध म्हणजे शिकार, आणि फासा लावून ती करणारा तो फासेपारधी. यात बंदूक नाही. तात, घोड्याचे केस, दोर यांचे फासे करायचे, जनावराच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ते रांगेनं रोवायचे आणि मग हाका करून जनावर तिकडं वळवायचं. लहान फासे लाव्या-तितरांसाठी, मोठे हरणांसाठी. काही गट शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशानं सावजाजवळ सरकायचे. या कामाला ताकदीपेक्षा वाचन जास्त लागतं. माग वाचणं, लेंडी बघून जनावर कधी गेलं ते ओळखणं, वारा कुठून आहे ते बघणं, पाखराचा आवाज काढणं. हे एका दिवसात येत नाही. बिऱ्हाडासोबत पोरं फिरत होती, म्हणजे ती बघत बघत शिकत असणार. हे शेवटचं वाक्य माझं अनुमान आहे, आणि प्रबंधात ते अनुमान म्हणूनच लिहायचं. आता कागदांकडे वळू.

पहिलं साधन : जनगणना आणि जातींची वर्णनं

वऱ्हाड १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८७० मध्ये आल्फ्रेड लायल यांचं वऱ्हाडचं गॅझेटियर आलं, १८८१ च्या जनगणनेचा वऱ्हाडचा अहवाल किट्स यांनी लिहिला, आणि १९१६ मध्ये रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात पारध्यांवर स्वतंत्र नोंद आहे. फासेपारधी, लंगोटी पारधी, चित्ता पाळून शिकार करणारे चित्तेवाले, जात्याला टाकी लावणारे टाकणकार असे पोटभेद तिथं सापडतात.

नोंद उपयोगाची आहे, पण तिच्यातली क्रियापदं तपासा. "ते फासे लावतात", "ते हरणं पकडतात". सगळं वर्तमानकाळात आणि सगळं "ते". कोण, कुठल्या गावचा, कुणाकडून शिकला, याला जागा नाही. एका माणसाकडून ऐकलेली गोष्ट साऱ्या जमातीचा स्वभाव होऊन बसते. त्यामुळे अशा नोंदीतून तंत्र घ्या, स्वभाव घेऊ नका.

शब्दही तपासा. लंगोटी पारधी हे नाव वेशावरून पडलेलं आहे. अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत मात्र तोच शब्द "लंगोली पारधी" असा दिसतो. एका अक्षराचा फरक, पण जातीच्या दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या माणसाला तो किती महाग पडू शकतो याचा विचार करा.

दुसरं साधन : भाषेची पाहणी

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात पारधी बोलीची नोंद आहे. नवव्या खंडाचा भिल्ली भाषांवरचा तिसरा भाग, प्रकाशन १९०७. वऱ्हाडात राहूनही या बोलीचं नातं गुजरातीच्या बाजूचं आहे, आणि समाज कुठून कसा फिरत आला याचा तो एक धागा आहे.

या सर्वेक्षणाची पद्धत माहीत करून घ्या. प्रत्येक बोलीसाठी ठरलेला नमुना होता बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचा भाषांतरित पाठ. सोबत २४१ शब्द-वाक्यांची छापील यादी. त्यात "हा घोडा किती वर्षांचा?", "इथून काश्मीर किती लांब?", "तुझ्या बापाच्या घरी किती मुलगे आहेत?" अशी वाक्यं होती.

म्हणजे बाप आणि पोरगा या सर्वेक्षणात आहेत. पण ते बायबलातले आहेत, आणि प्रश्न मुलग्यांच्या संख्येचा आहे. बाप पोराला काय सांगत होता, हे विचारायला यादीत रकानाच नव्हता. ज्यांना काश्मीरशी काही घेणंदेणं नव्हतं त्यांना काश्मीरचं अंतर विचारलं गेलं, आणि फाशाच्या प्रत्येक भागाला तुम्ही काय म्हणता, हे राहून गेलं. साधन गप्प असेल तर आधी त्याची प्रश्नावली काढून बघा. बऱ्याचदा उत्तर नसण्याचं कारण तिथं सापडतं.

तिसरं साधन : कायदा

इथं विषय गंभीर होतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ज्या तर्कावर उभा होता तो असा : या देशात धंदे बापाकडून पोराकडे जातात, सुताराचा पोरगा सुतार होतो, तर गुन्हाही तसाच वंशपरंपरेनं जात असला पाहिजे. पुढं १८९७ च्या दुरुस्तीनं ४ ते १८ वर्षांची मुलं आईबापांपासून काढून सुधारगृहवजा वसाहतीत ठेवण्याची सोय केली. १९११ च्या कायद्यानंही मुलं वेगळी करण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला.

आता हे आपल्या प्रश्नाशी जोडून बघा. जातिवर्णनाच्या पुस्तकात जे "परंपरागत कसब" आहे, तेच कायद्याच्या नजरेत "परंपरागत सवय" होतं. पोरगं बापासोबत रात्री रानात जातं, गुपचूप बसतं, माग काढतं, आवाज न करता चालतं. पारध्याच्या घरी हे शिक्षण. पोलिसाच्या वहीत हेच संशयाचं कारण. बापानं पोराला शिकवणं हीच अडचण मानली गेली, आणि उपाय काय, तर दोघांना वेगळं करा.

एक सावधगिरी. "कायदा १८७१ चा, म्हणून १८७१ पासून वऱ्हाडात लागू" असं लिहू नका. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानातल्या प्रांतांपुरता होता. शिवाय वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच राहिल्यामुळं ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथं वेगळ्या अधिसूचनेनं लागू व्हायचे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं तरी ही गुंतागुंत संपली नाही. म्हणून कुठल्या जमातीला, कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या तारखेला "गुन्हेगार" ठरवलं, हे त्या त्या राजपत्रातूनच काढायचं. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे होते, त्यामुळे शिक्का काही पुसला गेला नाही.

चौथं साधन : जमीन

शिकारीचा इतिहास शोधताना आपण शिकारीचेच कागद शोधत बसतो. खरं तर माळरान कुठं गेलं ते शोधायला हवं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं (१८६१-६५) वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. चांदूरच्या नावामागं "रेल्वे" लागलं ते याच मार्गामुळं, नाहीतर चांदूर बाजारशी घोटाळा झाला असता. कापसाखाली जमीन येत गेली तसा गवताळ पट्टा आक्रसला. लक्ष्मण सत्या यांचं १८५० ते १९०० मधल्या वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यावरचं पुस्तक (१९९७) इथं वाचायलाच हवं.

१८८६ च्या वऱ्हाड वन कायद्यानंतरची वर्गवारीही बघा. अ वर्ग इमारती लाकडाच्या जंगलाचा, ब वर्ग गवताचे रमणे आणि बाभूळबनं, क वर्ग चराईची जमीन. काळवीट, तितर, तणमोर यांचं घर दाट जंगलात नसतं, ते गवतात असतं. म्हणजे फासेपारध्याची शाळा ब आणि क वर्गात भरत होती, आणि नांगराखाली जायला सगळ्यात सोपी जमीन तीच होती. आजही गावातले लोक "ई-क्लास"वरच्या अतिक्रमणाबद्दल बोलतात तेव्हा जमिनीच्या अशाच वर्गवारीची भाषा वापरतात. पोहरा-मालखेडचं जंगल नकाशावर शिल्लक आहे. त्याच्या खालचा माळ मात्र तुम्हाला जुन्या नकाशांवर शोधावा लागेल.

पाचवं साधन : लोक स्वतः

१९८३ मध्ये के. सी. मल्होत्रा, एस. बी. खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या तीन भटक्या गटांच्या शिकारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फासेपारधी फाशानं हरणं आणि पाखरं धरतात, वैदू मुंगूस-उदमांजरासारखे छोटे प्राणी, तर नंदीवाले कुत्री घेऊन डुक्कर आणि साळिंदर. म्हणजे एकाच रानात तिघांची वाटणी होती. फाशात पाडस किंवा गाभण मादी आली तर पूर्वी सोडून देत असू, असं पारध्यांनी सांगितल्याचंही गाडगीळ नोंदवतात.

असा दावा कसा वापरायचा? "पूर्वी पारधी निसर्गरक्षक होते" असं लिहून मोकळं होऊ नका, आणि "लोक स्वतःबद्दल चांगलंच सांगणार" म्हणून उडवूनही लावू नका. नियम पाळला गेला की नाही हा एक प्रश्न. असा नियम पोराला सांगितला जात होता, हा दुसरा. आपल्या विषयाला दुसरा प्रश्न जास्त जवळचा आहे.

तुमच्या वहीचं काय?

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. त्यामुळं आज एखाद्या तांड्यावर जाऊन "तुम्ही शिकार कशी करता?" असं विचारणं म्हणजे समोरच्याकडून कबुलीजबाब मागणं आहे. तुमची वही, तुमचं रेकॉर्डिंग उद्या पुरावा होऊ शकतं. ज्या समाजाला आधीच दोनदा गुन्हेगार ठरवलं, त्याला तिसऱ्यांदा अडकवणारा कागद आपल्या हातून तयार होता कामा नये.

म्हणून थोडे नियम. प्रश्न आजोबांच्या काळाबद्दल विचारा. नाव, गाव, तारीख मूळ टिपणातच बदला, नंतर बदलू असं म्हणू नका. जागा नेमकी लिहू नका, कारण शेवटचे चार तणमोर कुठं आहेत हे छापणंही धोक्याचं आहे. आणि कुणी बोलायला नकार दिला तर तो नकार जशाचा तसा मान्य करा.

ज्ञान उरलंय का, हा प्रश्न उरतो. वाशीम-अकोला भागात कारंजा लाडच्या 'संवेदना' या संस्थेनं फासेपारध्यांसोबत तणमोर आणि गवताळ माळ वाचवण्याचं काम केलंय. पाखराचा आवाज ओळखण्याचं जे कसब धरण्यासाठी होतं, तेच तिथं मोजण्यासाठी वापरात आलं. दुसरीकडं, चांदूर रेल्वेच्या शेजारच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथं मतीन भोसले यांनी फासेपारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिचं नाव 'प्रश्नचिन्ह'. पोरं आता तिथल्या वर्गात बसून लिहायला शिकतात. ती शिकून पुढं आली की आपल्या आजोबांचा इतिहास आपल्यापेक्षा चांगला लिहितील, आणि त्यांना उपयोगी पडेल असंच टिपण आज आपण करायचं.

तुमचा विषय वेगळा असेल. तरी एक काम करा. कोऱ्या कागदावर पाच रकाने पाडा : मोजणारा, भाषा टिपणारा, पकडणारा, जमीन वाटणारा आणि ती गोष्ट जगणारा. तुमच्या प्रश्नाबद्दल प्रत्येकानं काय लिहिलं असेल आणि काय विचारलंच नसेल, ते दोन-दोन ओळींत लिहा. "साधनं कुठं आहेत?" या प्रश्नाला मुलाखतीत हाच कागद समोर ठेवता येतो.