कचरा काट्यावर ठेवला तेव्हा…

रद्दी विकताना आपण काट्यावर बारीक लक्ष ठेवतो. कचरा टाकताना मात्र वजनाचा विचारही मनात येत नाही. दक्षिण कोरियातल्या अनेक इमारतींत आज उरलेल्या अन्नाचे वजन होते आणि त्याचे पैसे त्या घराला भरावे लागतात. हे कसे घडले, ते पाहू.

सोल शहराचा कचरा १९७८ ते १९९३ या काळात हान नदीकाठच्या नानजिदो येथे टाकला जाई. तिथे नव्वद मीटरहून उंच असे कचऱ्याचे दोन डोंगर तयार झाले. अशा ढिगात अन्न कुजले की मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो, घाण पाणी जमिनीत झिरपते, माश्या आणि उंदीर वाढतात. म्हणजे हा प्रश्न स्वच्छतेइतकाच आरोग्याचाही आहे.

१ जानेवारी १९९५ पासून देशभर नियम आला: कचरा विकतच्या ठरावीक पिशवीतूनच टाकायचा. कागद, काच, धातू वेगळे दिले तर पैसे नाहीत. लोक कचरा वेगळा करू लागले. पण पिशवीने आकार मोजला जातो, वजन नाही. त्यामुळे पिशवी ठासून भरली जाऊ लागली.

ओल्या कचऱ्याचा प्रश्न उरलाच. २००५ मध्ये अन्नकचरा थेट जमिनीत पुरण्यावर बंदी आली. २०१३ मध्ये त्यातून निघणारे पाणी समुद्रात सोडणे थांबले आणि अन्नकचऱ्यावर प्रमाणानुसार शुल्क सुरू झाले. अनेक ठिकाणी कार्ड लावले की डब्याचे झाकण उघडते, वजन होते आणि रक्कम त्या घराच्या नावे लागते.

अन्नकचऱ्यात बहुतांश पाणीच असते. पैसे वजनावर ठरल्यावर पाणी निथळून टाकणे आणि बेताने रांधणे, दोन्ही फायद्याचे ठरले.

याला दुसरी बाजूही आहे. पैसे वाचवायला कोणी कचरा रस्त्याकडेला टाकतो, कोणी जाळतो. कोरियाला म्हणूनच दंड आणि अशांची खबर देणाऱ्यांना बक्षीस ठेवावे लागले. प्लास्टिकच्या धुरात डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये आणि सूक्ष्म कण असतात. दमा असलेल्यांना आणि लहान मुलांना त्याचा त्रास आधी होतो. शुल्क लावताना ही पळवाट बंद केली नाही, तर ढिगातला कचरा धूर होऊन फुफ्फुसांत जातो.

आपल्याकडेही २०१६ च्या घनकचरा नियमांनी शुल्काची तरतूद केली आणि उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. पण काटा येण्याची वाट कशाला पाहायची? ओला कचरा आजच निथळून वेगळा ठेवा. आणि सुका पाला असो वा प्लास्टिक, काडी मात्र लावू नका.