लाखाची गाडी : एका शब्दप्रयोगाचा इतिहास

शब्दशक्ती शिकवताना उदाहरणांची अडचण आम्हां अध्यापकांना दरवर्षी जाणवते. 'गंगेवर गौळवाडा' हे साहित्यशास्त्रातले जुने उदाहरण विद्यार्थी पाठ करतात; परंतु वाच्यार्थापाशी अडखळून पुढच्या अर्थाकडे जाण्याचा अनुभव त्यांना त्यातून क्वचितच येतो. म्हणून गेली काही वर्षे आम्ही त्याच्या जोडीला 'लाखाची गाडी' हे दोनच शब्द फळ्यावर लिहीत आलो आहोत. टाटांच्या नॅनो या मोटारीचा इतिहास अभियांत्रिकीचा आहे, अर्थकारणाचा आहे, राजकारणाचाही आहे. तो एका शब्दप्रयोगाचा इतिहासही आहे, एवढेच आम्हांला येथे मांडावयाचे आहे.

मराठीत 'लाख' ही केवळ संख्या नाही. 'लाखमोलाचे', 'लाखात एक' या प्रयोगांत ती अमूल्यतेची खूण आहे. राजा परांजपे यांच्या १९५२ सालच्या 'लाखाची गोष्ट' या चित्रपटात नायकापुढचा पेच असतो तो महिन्याभरात एक लाख रुपये खर्च कसे करावेत, हा. तेव्हा लाख ही रक्कम संपवता संपत नाही अशी वाटे. अर्ध्या शतकानंतर तीच संख्या स्वस्ताईची खूण ठरावी, हे रुपयाच्या घसरणीचे आणि मध्यमवर्गाच्या वाढीचे एकत्रित फलित होय.

या मोटारीच्या जन्माची कथा रतन टाटा यांनी अनेकदा सांगितली. पावसात एका स्कूटरवरून चौघांचे कुटुंब चाललेले : पुढे उभे मूल, चालवणारा वडील, मागे आई आणि तिच्या कडेवर तान्हे. या कुटुंबाला परवडेल अशी सुरक्षित चारचाकी का असू नये, हा त्यांचा प्रश्न होता. २००३ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात वार्ताहराशी बोलताना सुमारे लाख रुपयांचा आकडा निघाला आणि तो वृत्तपत्राचा मथळा झाला. टाटांनी तो नाकारण्याऐवजी लक्ष्य म्हणून स्वीकारला. म्हणजे येथे वस्तूच्या आधी शब्द जन्मला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तो शब्द खरा करण्याचे काम मुख्यतः पुण्यात झाले. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी मोटारीचा प्रत्येक भाग 'हा लागतोच का?' या प्रश्नाने तपासला. ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन मागे गेले. त्यामुळे जेमतेम ३.१ मीटर लांबीच्या गाडीत चौघांना ऐसपैस जागा मिळाली. वायपर एकच, चाकाला नट तीनच, मूळ गाडीत बाहेरचा आरसा चालकाच्या बाजूचा तेवढा. मागची डिकी बाहेरून उघडतच नसे. सामान आतून, आसन वाकवून ठेवावे लागे. अनावश्यक ते गाळून आवश्यक ते टिकवणारी ही रचना आम्हां साहित्याच्या माणसांना सूत्रशैलीची आठवण करून देते. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, तेव्हा कारखान्यातील किंमत लाखच राहील, दिलेले वचन ते वचनच, असे टाटांनी सांगितले. 'लाखाची गाडी'चा वाच्यार्थ असा सिद्ध झाला.

परंतु या लाखाच्या हिशेबात न मावणारी एक किंमत होती. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे कारखान्यासाठी सुमारे ९९७ एकर जमीन संपादित झाली होती. अनेक शेतकऱ्यांनी मोबदला नाकारला, ममता बॅनर्जींच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले आणि ऑक्टोबर २००८मध्ये टाटांनी सिंगूर सोडून गुजरातेतील साणंद गाठले. पुढे ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते संपादनच रद्द ठरवून जमीन परत करण्याचा आदेश दिला. एका सामान्य माणसाच्या गाडीसाठी दुसऱ्या सामान्य माणसाची जमीन, हा पेच 'लोकांची गाडी' म्हणताना दडून राहतो.

मार्च २००९मध्ये मुंबईत गाडीचे विक्रीसाठी अनावरण झाले. दोन लाखांहून अधिक मागण्या आल्या आणि पहिले लाखभर ग्राहक सोडत काढून निवडावे लागले. नंतर मात्र ओहोटी लागली. साणंदचा कारखाना सुरू व्हायला जून २०१० उजाडले. काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या. करांसह किंमत लाखाच्या वर गेलीच होती, आणि तेवढ्याच पैशांत जुनी मारुती ८०० मिळत होती. वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता असलेल्या प्रकल्पाची विक्री अगदी भरभराटीच्या वर्षीही पाऊण लाखाच्या आसपासच राहिली. जून २०१८मध्ये तर अवघी एक नॅनो तयार झाली, आणि त्याच वर्षाअखेर उत्पादन थांबले.

ही कारणे खरीच. परंतु ती पुरेशी नाहीत, असे आमचे मत आहे. इटलीत १९५७ साली आलेली फियाट ५०० हीदेखील मागे दोन सिलिंडरचे इंजिन असलेली, स्कूटरवरून उतरणाऱ्या कुटुंबांची गाडी होती. ती हिणवली गेली नाही, कारण युद्धोत्तर इटलीत शेजारीपाजारी सारेच एकदम पहिली पायरी चढत होते. आपल्याकडे मारुतीने १९८३पासून ती पायरी आधीच आखून ठेवली होती. त्या पायरीच्या खालून येणाऱ्याला 'लाखाची गाडी' म्हणताच लक्ष्यार्थ झाला 'गरिबाची गाडी', आणि व्यंग्यार्थ झाला 'याला दुसरी परवडली नाही'. 'सर्वांत स्वस्त' ही ओळख चिकटली ही चूक झाली, हे पुढे खुद्द टाटांनीही मान्य केले. अर्थ वक्त्याच्या हेतूवर ठरत नाही, ऐकणाऱ्या समाजावर ठरतो, याचा याहून महागडा पुरावा आमच्या तरी पाहण्यात नाही.

एकदा वर्गात हे सारे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आमच्याकडे नॅनो होती. बाबा लग्नाला गेले की ती कार्यालयापासून लांब उभी करायचे. घरी येताना मात्र पाऊस असला की आम्हांला हसून म्हणायचे, बघा, कुणीच भिजलं नाही." वर्ग क्षणभर गप्प झाला. त्या दिवशी व्यंजनेवर आम्ही आणखी काही बोललो नाही.

टाटांनी सांगितलेले स्कूटरवरचे कुटुंब या घरापर्यंत खरोखर पोहोचले होते. गाडीने आपले काम चोख केले होते; गाडी लांब उभी करावीशी वाटावी, हे काम आपण केले. नॅनोचे अपयश अभियंत्यांच्या आणि जाहिरातदारांच्या खात्यावर मांडून मोकळे होण्याआधी आपल्या भाषेतल्या 'स्वस्त' या शब्दात आपण काय काय भरून ठेवले आहे, हे एकदा तपासून पाहावे, इतकीच आमची विनंती आहे.