मुंबईतील पर्जन्यजल निचरा

मुंबईतील पर्जन्यजल निचरा ही पावसाचे पाणी वाहिन्या, नाले व नद्यांमार्फत खाडीत आणि समुद्रात सोडण्याची व्यवस्था होय. ती बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या विभागाच्या अखत्यारीत येते.

जुन्या वाहिन्यांची क्षमता ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिमी पावसापुरती होती. त्यातील निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असे गृहीत धरले होते. मोकळ्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्याने हे गृहीतक टिकले नाही. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने सर्व पाणी वाहूनच येईल असे मानून ताशी ५० मिमी क्षमतेची शिफारस केली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडून शहर जलमय झाल्यावर या कामांना गती मिळाली.

बांधकामांवरील बंधने

१,००० चौ. मी.हून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना २००२ मध्ये पर्जन्यजल संधारण बंधनकारक करण्यात आले. २००७ मध्ये ही मर्यादा ३०० चौ. मी.वर आणली गेली. यात छतावरील पाणी टाकीत साठवतात किंवा शोषखड्ड्यांद्वारे जमिनीत मुरवतात. मोठ्या भरतीत समुद्राकडील पातमुखांतून निचरा होत नाही. अशा वेळी आवारातच अडवलेल्या पाण्याने वाहिन्यांवरील भार काही अंशी हलका होतो.